फोटो कुणाला विचारून लावला?

मामा नांदेडला फ्लेक्स छापतात आणि भाची लातूरच्या न्यायालयात वकिली करते. दोघंही कल्पनेतली आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे खटले, कायदे आणि तारखा मात्र खऱ्या आहेत. प्रसिद्ध माणसाचं नाव, चेहरा, आवाज त्याला न विचारता धंद्यासाठी वापरता येतो का, या प्रश्नावर दिल्ली आणि मुंबईच्या उच्च न्यायालयांत हल्ली दाव्यांची रांग लागली आहे. अमिताभ बच्चन, अनिल कपूर, जॅकी श्रॉफ, आशा भोसले असे एकेक जण ‘व्यक्तिमत्त्व हक्क’ मागत गेले आणि बहुतेकांना तो मिळाला. मराठवाड्यात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, त्यामुळे ज्याला हा प्रश्न सर्वात आधी पडायला हवा, तो फ्लेक्स छापणाराच. म्हणून बोलायला सुरुवात मामांनी केली आहे.

मामा : तुम्ही वकील लोक म्हणायलात की हिरोचा फोटो त्याला विचारल्याबिगर लावायचा नाही. मग आजवर मी छापलं ते सगळं चोरीचं का? सलून, कापड दुकान, ज्यूस सेंटर, जिम, सगळ्यांना हिरोच लागतो. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये फोटो दाखवतं, डिझायनर पोरगं नेटवरून उतरवतं, मागचं कापतं आणि कोरलमध्ये बसवतं. फोटो तर सगळ्या जगाला दिसायलाय. कुणाला विचारायचं, अन् कुठं?

भाची : सगळं चोरीचं नाही, मामा. सलूनवाल्यानं आतल्या भिंतीवर आवडत्या नटाचा फोटो चिकटवला तर त्याच्या वाटेला कुणी जात नाही. पण दुकानाच्या जाहिरातीत तोच नट असा उभा केला, की बघणाऱ्याला वाटावं हा याच दुकानाची शिफारस करतोय, तर प्रश्न बदलतो. दिल्ली उच्च न्यायालयात 2012 साली असा खटला निकाली निघाला. तनिष्कच्या जाहिरातीत अमिताभ आणि जया बच्चन होते. मुझफ्फरनगरच्या एका सराफानं जवळपास तसंच होर्डिंग स्वतःच्या दुकानासाठी लावलं. न्यायालय म्हणालं, प्रसिद्ध माणसाचा चेहरा कुठं, कधी आणि कशासाठी वापरायचा हे ठरवण्याचा हक्क त्या माणसाचा.

मामा : त्यात बच्चनचं काय गेलं? त्याला तनिष्कनं पैसे दिलेच होते. तो सराफ काही मुंबईला जाऊन त्याचं गिऱ्हाईक तोडणार नव्हता. गेलं असेल तर कंपनीचं गेलं. मग कंपनीनं भांडावं, हिरोचा हक्क मधी कामून आणता?

भाची : कारण जबाबदारी हिरोच्या डोक्यावर येते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे. त्याच्या कलम 21 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी मालाची शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. शिवाय वर्षभरापर्यंत दुसरी कुठलीही शिफारस करायला बंदी येऊ शकते. म्हणजे शिफारस करण्याआधी तपासून घे, असं कायदाच नटाला सांगतो. मग ज्याला तपासायची संधीच दिली नाही, त्याच्या तोंडून शिफारस काढून घेणं कुठल्या न्यायात बसतं? सचिन तेंडुलकरचंच बघा. चरबी उतरवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींत त्याचा फोटो आणि आवाज वापरला, म्हणून 2023 च्या मे महिन्यात मुंबई पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला. 2024 च्या जानेवारीत तर एका गेमिंग ॲपसाठी तो बोलतोय असा बनावट व्हिडिओच फिरला. तो खोटा आहे हे त्याला स्वतःला पुढं येऊन सांगावं लागलं.

मामा : सचिनचं पटलं. ती सरळसरळ फसवणूक आहे. आपल्याकडचा एखादा म्हातारा ते औषध घेऊन बसला तर किडनीला लागायचं. पण फसवणुकीला कायदा आहेच की. पूर्वी चारशेवीस होतं, आता नवा नंबर आला असेल. त्यासाठी चेहऱ्याचा वेगळा हक्क कशाला काढला?

भाची : फसवणुकीच्या कायद्यात फसलेला माणूस शोधावा लागतो. इथं तक्रार ज्याचा चेहरा वापरला त्याची आहे. रजनीकांतचा खटला आठवा. मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूच्या मराठी घरातला माणूस. ‘मैं हूँ रजनीकांत’ नावाचा हिंदी सिनेमा निघत होता. मद्रास उच्च न्यायालयानं 2015 साली त्यात त्याचं नाव, छबी आणि लकब वापरायला मनाई केली. बघणाऱ्याला माणूस ओळखू आला म्हणजे पुरे. लोकांचा गोंधळ झाला किंवा खोटं सांगितलं हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

मामा : हां, इथंच माझं भांडण आहे बघ. खोटं नाही, फसवणूक नाही, लोकांचा गोंधळ नाही, तरी बंदी! अगं, रजनीकांतला रजनीकांत कुणी केलं? सिगारेट उडवायची त्याची लकब खेडोपाडीच्या पोरांनी आरशापुढं उभं राहून शिकून घेतली, त्याचे पोस्टर पदरच्या पैशानं लावले, तेव्हा तो मोठा झाला. प्रसिद्धी ही लोकांनी दिलेली वर्गणी आहे. वर्गणीतून देऊळ उभं राहिल्यावर पुजाऱ्यानं दाराला कुलूप लावायचं का?

भाची : वर्गणी दिली म्हणून देवळाच्या नावानं पावत्या फाडता येत नाहीत, मामा.

मामा : बरं, मग शब्दांचं काय? अनिल कपूरनं ‘झकास’वर हक्क सांगितला म्हणे. जॅकी श्रॉफनं ‘भिडू’वर. चरित्रांत त्याचं जन्मगाव आपलं उदगीर सांगतात, म्हणून माझा त्याच्यावर जीव आहे. पण भिडू काय त्यानं शोधून काढला? लेकरं गोट्या खेळताना भिडू निवडत होती तेव्हा तो जन्मलाही नसंल.

भाची : आदेश वाचले तर तेवढं घाबरण्यासारखं नाही. अनिल कपूरचा आदेश सप्टेंबर 2023 चा आहे, न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांचा. ‘झकास’ म्हणायला कुणाला बंदी नाही. त्याचा चेहरा, त्याची शैली आणि तो शब्द एकत्र करून टी-शर्ट, रिंगटोन, बनावट व्हिडिओ विकायला बंदी आहे. जॅकी श्रॉफच्या मे 2024 च्या आदेशात तर तुमच्या बाजूचंही काही आहे. त्याच्या मुलाखतींचे तुकडे जोडून कुणी यूट्यूबवर गमतीचा व्हिडिओ केला होता. तो काढायला लावा अशी मागणी होती. न्यायमूर्ती संजीव नरूला यांनी समोरच्याचं ऐकल्याशिवाय तो रोखायला नकार दिला. अशा व्हिडिओंवर तरुण पोरांची कमाई चालते, ही सर्जनशील अभिव्यक्ती आहे, हे त्यांनी नोंदवलं.

मामा : एका युट्यूबवाल्याचं नशीब चांगलं निघालं, एवढंच. बाकीच्यांचं काय? मी ऐकलंय, हे आदेश पहिल्याच तारखेला होतात. समोर कुणी नसतंच.

भाची : खरं आहे. बहुतेक आदेश अंतरिम आणि एकतर्फी असतात. प्रतिवादी कोण हे माहीत नसेल तर ‘अज्ञात व्यक्ती’ म्हणून दावा लावतात. आपल्याकडं त्या अज्ञात प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ म्हणायची रीत पडली आहे.

मामा : (हसून) अशोक कुमार? अन् हे नाव वापरायच्या आधी दादामुनींच्या घरी कुणी विचारलं का?

भाची : जिंकलात. पण तुमच्या विनोदातही मुद्दा आहे. नाव एकट्याचं नसतं. गौतम गंभीर क्रिकेटपटू आणि गौतम गंभीर नावाचाच दिल्लीतला रेस्टॉरंट मालक, असा 2017 चा खटला आहे. मालक स्वतःच्याच नावानं धंदा करत होता, मी क्रिकेटपटू आहे असं त्यानं कुठं सुचवलं नव्हतं, म्हणून क्रिकेटपटूचा दावा फेटाळला गेला. 2023 च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयातच क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांचं प्रकरण आलं. खेळाडूचं नाव, त्याच्या धावा, त्याची चित्रं ही सगळ्यांना उपलब्ध असलेली माहिती आहे, तिच्यावर कुणाची मक्तेदारी नाही, असं न्यायमूर्ती अमित बन्सल म्हणाले. बातमी, व्यंग, विडंबन, कला यांना हा हक्क अडवू शकत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मामा : म्हणजे एक न्यायाधीश म्हणतो ओळखू आला की पुरे, दुसरा म्हणतो माहिती सगळ्यांची. माझ्यासारख्यानं कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं?

भाची : अडचण खरी आहे. या हक्काचा असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. न्यायालयांनी तो तुकड्यातुकड्यांनी शिवलाय. थोडा घटनेच्या कलम 21 मधल्या खासगीपणातून, थोडा ट्रेडमार्कच्या कायद्यातून, थोडा कॉपीराइट कायद्यातल्या कलावंताच्या हक्कांतून. सर्वोच्च न्यायालयानं 1994 च्या राजगोपाल निकालात सांगून ठेवलंय की जाहिरातीसाठी माणसाचं नाव किंवा छबी त्याच्या संमतीशिवाय वापरली तर खासगीपणाचा भंग होतो. तिथं ‘माणसाचं’ म्हटलंय बरं का, ‘नटाचं’ नाही. मला तो शब्द पुढं लागणार आहे.

मामा : लागू दे. आधी आवाजाचं सांग. आपल्याकडं जत्रेत, गणपतीत ऑर्केस्ट्रा येतो. एखादी पोरगी आशाबाईंसारखी हुबेहूब गाते, लोक शिट्ट्या मारतात, तिचं घर चालतं. उद्या तिलाही नोटीस येणार का?

भाची : नाही. ती स्टेजवर स्वतःच्या नावानं उभी राहते, स्वतःच्या गळ्यानं गाते, अन् ऐकणाऱ्यालाही माहीत असतं की ही आशाबाई नव्हेत. खुद्द आशा भोसले यांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात 2025 च्या सप्टेंबरअखेर आलं, न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांच्यासमोर. तिथं मशीन होतं. कुणाचाही मजकूर किंवा कुणाचाही आवाज टाका, बाहेर पडतो आशाबाईंचा आवाज. त्यांच्या परवानगीशिवाय असं साधन लोकांच्या हाती देणं हाच हक्कभंग, असं न्यायालयानं म्हटलं. त्याआधी जुलै 2024 मध्ये न्यायमूर्ती छागला यांनी अरिजीत सिंगला असंच संरक्षण दिलं होतं. नक्कल करणारीला वर्षानुवर्षं घासून गळा तयार करावा लागतो. मशीनला मूळ गाणारीची रेकॉर्डिंग पुरतात. अन् त्या रेकॉर्डिंगमागची मेहनत तर मूळ गाणारीनंच केलेली असते.

मामा : मशीनची बाजू मी घेणार नाही. माझ्या धंद्यातही मशीन आलं अन् हातानं बोर्ड रंगवणारे पेंटर घरी बसले. पण मिमिक्रीवाल्याला हात लावाल तर मी आडवा येईन.

भाची : न्यायालयही आडवं आलंय. दलेर मेहंदीसारख्या दिसणाऱ्या, त्याच्या गाण्याची ओळ म्हणणाऱ्या बाहुल्या विकल्या जात होत्या. 2010 साली दिल्ली उच्च न्यायालयानं ती विक्री रोखली; पण त्याच निकालात बजावलं की हा हक्क फार ताणला तर व्यंगचित्र, नक्कल आणि विडंबन यांचा गळा घोटला जाईल.

मामा : आता मी तुला माझ्या गल्ल्यातलं सांगतो. माझा खरा धंदा हिरोवर नाही, नेत्यांवर चालतो. वाढदिवस, निवड, अभिनंदन, यात्रा. वर चार मोठे चेहरे, मधी ज्याचा वाढदिवस तो, खाली शुभेच्छुकांची रांग. त्या वरच्या चौघांना कुणी कधी विचारलं नाही, अन् कुणी रागावलंही नाही. 2023 च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली, तेव्हा पहिल्यांदा एका फोटोपायी आमचे हात थांबले. शरद पवार म्हणाले, माझा फोटो माझ्या परवानगीनंच वापरायचा. गिऱ्हाईक येऊन विचारायलं, ‘साहेब ठेवू का काढू?’ आमच्याकडं फाईल तयार, एक चेहरा मागंपुढं केला की पक्ष बदलायचा!

भाची : ते पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. 14 मार्च 2024 रोजी न्यायमूर्ती सूर्य कांत आणि विश्वनाथन यांच्या पीठानं अजित पवारांच्या गटाला विचारलं, तुम्ही वेगळे झालात तर त्यांचा फोटो का वापरता, स्वतःच्या ओळखीवर मतं मागा. फोटो वापरणार नाही अशी हमी त्यांच्याकडून मागितली. विधानसभेच्या वेळी नोव्हेंबरमध्ये पुन्हा तेच बजावावं लागलं.

मामा : मग हे कुठल्या हक्कात बसतं? पवारसाहेब काही साबण विकत नव्हते.

भाची : काटेकोर बोलायचं तर ते प्रकरण पक्षाच्या ओळखीचं होतं, जाहिरातीचं नव्हतं. पण गाभा तोच. ज्या माणसानं पाठिंबा दिलेला नाही, त्याचा पाठिंबा आहे असं फोटोकडून वदवून घ्यायचं नाही. मतदार चेहरा बघून मत देतो, गिऱ्हाईक चेहरा बघून माल घेतं. ज्याचा चेहरा, त्याला ‘यात मी नाही’ म्हणता आलं पाहिजे.

मामा : जिवंत आहे तो म्हणेल. जो गेला त्याचं काय? बाळासाहेबांचं बघ. 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेच्या कार्यकारिणीनं ठराव केला, बाळासाहेबांचं नाव दुसऱ्या कुणी वापरायचं नाही. अन् ऑक्टोबरात निवडणूक आयोगानं शिंदेंच्या गटाला नावच दिलं ‘बाळासाहेबांची शिवसेना’. मी दोन्हीकडचे फ्लेक्स छापले. दोन्हीकडं बाळासाहेब, अन् तोच हात वर केलेला फोटो.

भाची : गेलेल्या माणसाच्या बाबतीत कायदा खरंच डळमळीत आहे. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी त्याच्या आयुष्यावरच्या सिनेमाविरुद्ध दावा केला. दिल्ली उच्च न्यायालयानं 2023 च्या जुलैत मत दिलं की खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क माणसाबरोबरच संपतो, वारसाला मिळत नाही. पण ट्रेडमार्क कायद्याचं कलम 14 वेगळं बोलतं. गेल्या 20 वर्षांत वारलेल्या माणसाशी संबंध आहे असं भासवणारा ट्रेडमार्क नोंदवायचा असेल, तर त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीची लेखी संमती मागता येते. एकीकडं हक्क चितेवर संपतो, दुसरीकडं 20 वर्षं उरतो.

मामा : अन् शिवाजी महाराज? त्यांचं नाव नसलेला चौक दाखव मला मराठवाड्यात.

भाची : चौक, पुतळा, जयंतीचा फ्लेक्स यांचा इथं संबंध नाही. धंद्याचा आहे. 1950 चा एक केंद्रीय कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावं आणि चित्रं आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती व्यापारासाठी वापरायची नाहीत. मूळ कायद्यात शिक्षा आहे 500 रुपयांपर्यंत दंडाची.

मामा : पाचशे? त्यात एक मोठा फ्लेक्ससुद्धा होत नाही बाई! असल्या कायद्याला कोण भिणार? भीती लोकांचीच असते. संभाजी बिडीचं बघ की. पुण्याच्या साबळे वाघिरेंची बिडी, पिढ्यान्पिढ्या त्याच नावानं विकली. 2020 साली लोक रस्त्यावर उतरले, राजांचं नाव बिडीच्या कट्ट्यावर नको म्हणाले, अन् कंपनीनं नाव बदलायचं कबूल केलं. ना कोर्ट, ना अशोक कुमार.

भाची : त्या वेळी लोकांचं बरोबर होतं म्हणून तुम्हाला ते आवडलं. उद्या हीच गर्दी एखाद्या नाटकवाल्याच्या, एखाद्या व्यंगचित्रकाराच्या दारात उभी राहिली तर? न्यायालय निदान दोन्ही बाजू लिहून काढतं. गर्दीला अपील नसतं.

मामा : हे मात्र मान्य. पण तुझं कोर्ट कुणासाठी उघडं असतं, तेही सांग. तुझे सगळे खटले मोजले तर बच्चन, कपूर, श्रॉफ, रजनीकांत. दिल्लीचा मोठा वकील, शेकडो लिंकांची यादी, पहिल्याच तारखेला आदेश. हा श्रीमंतांचा आणखी एक सातबारा झाला. आधी बंगला होता, गाडी होती, आता हसू अन् चालणंसुद्धा मालमत्ता. आपल्या लातूरच्या रितेश देशमुखला परवडेल हे. बाकीच्यांनी काय करायचं?

भाची : मामा, तुमचा हाच मुद्दा मला सर्वात जास्त बोचतो. म्हणूनच मी म्हणते, हिरोच्या हक्काला विरोध करू नका, तो खाली ओढून आणा. मुळात हा वाद सुरू झाला तो प्रसिद्ध माणसापासून नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एका साध्या तरुणीचा फोटो एका पीठ गिरणीनं तिला न विचारता पोस्टरवर छापला. सुमारे 25 हजार प्रती काढल्या, गोदामांत, दुकानांत, दारूच्या गुत्त्यांत लावल्या. ती लाजेनं आजारी पडली. 1902 साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला. असा हक्क कायद्यात नाही म्हणाले. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, कायदा झाला. जाहिरातीसाठी कुठल्याही जिवंत माणसाचं नाव किंवा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही. प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्याला बाजारभाव असतो आणि तो भाव विकता येतो, हे तिथल्या न्यायालयानं मान्य केलं ते 1953 साली. खटला होता च्युइंग गमसोबत मिळणाऱ्या बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंचा. म्हणजे आधी साध्या मुलीची अब्रू, मग पन्नास वर्षांनी खेळाडूचा भाव. आपण पहिलं पान फाडून थेट भावापासून सुरुवात केली.

मामा : ती गिरणीवाली पोरगी आपल्याकडं कोण?

भाची : तुम्हीच तिला छापता, मामा. दरवर्षी, निकालाच्या दुसऱ्या दिवशी.

मामा : टॉपर?

भाची : टॉपरच. लातूरच्या ट्यूशन एरियात फिरून बघा. नीटचा निकाल लागला की रातोरात चेहरे चढतात. कधी एकाच लेकराचा फोटो दोन-तीन क्लासवाले लावतात. एकाकडं ते दोन वर्षं शिकलेलं असतं, दुसऱ्याकडं फक्त टेस्ट सीरिज दिलेली. बघणाऱ्या बापाला वाटतं, इथं घातलं की डॉक्टर झालंच. एकरभर रान विकून तो फी भरतो, ती त्या चेहऱ्याकडं बघून. हिरोच्या चेहऱ्यावर साबण विकला जातो. या पोरीच्या चेहऱ्यावर दुसऱ्या घरांच्या जमिनी विकल्या जातात, अन् तिला कुणी विचारलेलं नसतं.

मामा : विचारायचं काय त्यात? फोटो लागला म्हणून घरचे पेढे वाटतात. मी बघितलंय, आईबाप फ्लेक्सखाली उभे राहून फोटो काढतात.

भाची : बरेचजण खूश असतात. त्यांची सही घेणं मग किती सोपं! पण एखादी नाही म्हणाली तर? एखादीला गावाकडं तिचा फोटो चौकात नको असेल तर? अन् आता हा नुसता माझ्या मताचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 13 नोव्हेंबर 2024 रोजी कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा त्याचं मनोगत लेखी संमतीशिवाय वापरायचं नाही. अन् ती संमती निकाल लागल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या वेळी फॉर्मच्या मागच्या बाजूला घेतलेली सही चालत नाही. यश मिळाल्यावरच माणूस आपल्या यशाचा सौदा नीट करू शकतो, हे त्यात ओळखलंय. शिवाय त्या विद्यार्थ्यानं कुठला कोर्स केला होता, तेही फोटोसोबत सांगावं लागतं.

मामा : अन् नाही सांगितलं तर? दिल्लीला जायचं का तिच्या बापानं?

भाची : नाही. ग्राहक कायद्याच्या कलम 17 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्याकडं करता येते. लातूरला, नांदेडला, साध्या कागदावर. 1915 या हेल्पलाइनवरही करता येते. फोटो बदलून, चेहरा चिकटवून समाजमाध्यमांवर टाकला असेल तर आयटी नियमांनुसार तक्रार मिळाल्यापासून ठरलेल्या मुदतीत तो काढण्याची पावलं त्या कंपनीनं उचलायला हवीत, हिरोसाठीही अन् पोरीसाठीही. वकील लागत नाही. पण हे माहीत किती जणांना आहे? टीव्हीवर बातमी येते ती हिरोच्या आदेशाची. त्यामुळं तुम्हालाही वाटतं हा हिरोचाच हक्क आहे.

मामा : सगळा भार शेवटी छापणाऱ्यावरच. तुला वाटतं गिऱ्हाईक आलं की मी आधी संमतीपत्र मागू? शेजारचा छापून मोकळा होईल.

भाची : तुम्ही निवडणुकीत काय करता?

मामा : ते वेगळं. निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं अन् प्रकाशकाचं नाव लागतं. गिऱ्हाईकाकडून दोन प्रतींत लिहून घ्यायचं, ओळखीच्या दोघांच्या सह्या. नाही तर आमच्यावर केस.

भाची : लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 127 अ. सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा 2 हजारांपर्यंत दंड. तो नियम आला तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, शेजारचा छापून मोकळा होईल. आज नांदेडात एकजण तरी सहीशिवाय छापतो का? मग टॉपरच्या फ्लेक्सला एक कागद जास्त झाला तर धंदा बसत नाही. तुमच्या संघटनेनं ठरवलं तर पुढच्या निकालापासून सुरू करता येईल.

मामा : (थोडा वेळ गप्प) लेकरांचं मी धरतो. क्लासवाला आला की म्हणेन, पोरीच्या किंवा बापाच्या सहीचा कागद दे, निकालानंतरच्या तारखेचा. त्याला रागवायला कारण नाही. कायदा त्याच्यावरच आहे, मी त्याला वाचवायलोच. औषध, लॉटरी, पैसे दुप्पट, ॲप यांच्या फ्लेक्सवर हिरो असला तर छापणारच नाही. ते सचिनच्या बाबतीत समजलं. पण सलूनवाल्याचा हिरो मी काढणार नाही. त्याची दहा बाय दहाची खोली, त्याच्या फ्लेक्समुळं कुणी फसत नाही, हिरोचं एक पैशाचं नुकसान नाही. जिथं फसगत नाही अन् अब्रू जात नाही, तिथं हक्क सांगणं म्हणजे हाव.

भाची : तिथं मी तुमच्याशी अजून भांडणार. नुकसान किती हे ठरवायचा अधिकार नुकसान करणाऱ्याकडं ठेवता येत नाही. आज सलून, उद्या सलूनमधली क्रीम, परवा त्या क्रीमनं कुणाचा चेहरा भाजला. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ‘एवढ्यानं काय होतं’ म्हणालेलं असतं. हां, एवढं मात्र मी मान्य करते की लहान दुकानदाराला आधी साधी सूचना गेली पाहिजे, ऐकून घेतलं पाहिजे, आणि दंड त्याच्या कमाईच्या बेतात असला पाहिजे. सराफाचं होर्डिंग आणि मशीननं आवाज चोरणारी कंपनी एकाच तागडीत तोलणं चूक आहे. अन् संसदेनं हे लिहून काढलं पाहिजे. काय चालतं, काय नाही, मेल्यावर किती वर्षं. न्यायाधीशागणिक उत्तर बदललं तर तुमच्यासारखा प्रामाणिक माणूसच आधी अडकतो.

मामा : लिहून येईल तेव्हा बघू. तोवर पोरींच्या फोटोला सही, हिरोच्या फोटोला सलाम.

भाची : ठीक आहे. फक्त हिरोची नोटीस आली तर वकील दुसरा बघा, मामा. मी त्याच्या बाजूनं उभी असेन.